तीन तासांची मानवंदना

हेस्टर पिनॉक ही बाई कोणाचं वाईट चिंतणारी नाही. एक विमान आणि एक माणूस एवढे दोन अपवाद सोडले, तर साऱ्या जगाचं भलं व्हावं अशीच तिची इच्छा असते.

विमान म्हणजे कॉनकॉर्ड. माणूस म्हणजे तिच्या कुंपणापलीकडे राहणारा सेड्रिक टॅपली, 'कॉनकॉर्ड स्नेही मंडळा'चा अध्यक्ष.

टेम्सच्या काठावर, विमानतळापासून फार दूर नाही अशा ठिकाणी आमचं ऑझिअर एंड आहे. गावात एक पब, एक खाटीक आणि एक चर्च. चर्चच्या मनोऱ्यात आठ घंटा. हेस्टर त्या मनोऱ्याची प्रमुख आणि मी तिच्या हाताखाली तिसऱ्या घंटेचा दोर ओढणारा. आम्ही घंटांवर गाणी वाजवत नाही. गाणं कोणीही वाजवील. आठ घंटा दर फेरीत आपला क्रम बदलतात, आणि आलेला क्रम पुन्हा येऊ द्यायचा नाही. अशा पाच हजारांवर फेऱ्या न थांबता पुऱ्या केल्या की पील झाली. त्याला तीन तास लागतात. कागद बघायचा नाही, बोलायचं नाही, दोर दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही. फक्त प्रमुखाने मधूनमधून 'बॉब!' असं ओरडायचं, की बाकीच्यांनी त्या क्षणी वाट बदलायची. एक बॉब चुकला की सगळं फुकट.

आता विचार करा. अडीच तास झालेत, हात भरून आलेत, हेस्टर तोंड उघडून 'बॉब' म्हणते आणि नेमकं तेव्हाच न्यूयॉर्कला निघालेलं कॉनकॉर्ड डोक्यावरून जातं. मनोरा थरथरतो, चुना गळतो. हेस्टरचं तोंड हलताना दिसतं, ऐकू काही येत नाही. चौघं जण एक वाट धरतात, तिघं दुसरी, आणि पील मरते.

असं तीनदा झालं.

"संध्याकाळची वेळ सोडून दुपारी वाजवूया की," मी एकदा सुचवलं.

"विल्फ, हा मनोरा सोळाव्या शतकापासून इथे आहे," हेस्टर म्हणाली. "वेळ बदलायची तर त्या विमानाने बदलावी."

त्याने बदलली नाही. उलट सेड्रिक टॅपली गावात राहायला आला. विमान डोक्यावरून जातं म्हणूनच त्याने ते घर घेतलं होतं. संध्याकाळी बागेत आरामखुर्ची टाकून, डोळे मिटून तो त्या गर्जनेखाली बसायचा आणि टेप करून घ्यायचा. खिडक्यांची तावदानं फुटायची वेळ यायची आणि याच्या चेहऱ्यावर प्रसाद मिळाल्यासारखं समाधान. मग एके दिवशी त्याच्या टेपवर मागे घंटा ऐकू आल्या. सेड्रिकने कौन्सिलकडे तक्रार केली. घंटांच्या गोंगाटाने डोकं दुखतं म्हणे. कौन्सिलने विचारपूर्वक निर्णय दिला: घंटा आठवड्यातून एकदा, अर्धा तास.

अर्ध्या तासात पील होत नाही. अर्ध्या तासात आमच्या रोनी लगचा, म्हणजे सर्वांत मोठी घंटा ओढणाऱ्या खाटकाचा, नुसता कोट काढून होतो. हेस्टरला आपल्या मनोऱ्यात, आपल्या हुकमाखाली एक पील करायची होती. आयुष्यात तेवढी एकच गोष्ट तिने मागितली होती. त्या दिवसापासून तिने सेड्रिकशी बोलणं टाकलं. सतरा-अठरा वर्षं कुंपणावरून ती फक्त त्याच्या गुलाबांकडे बघायची. गुलाब काही केल्या धरत नसत.

मग कॉनकॉर्ड निवृत्त झालं. सेड्रिकने आठवडाभर पडदे उघडले नाहीत. हेस्टरने आठवडाभर धुणं वाळत घालताना गाणी म्हटली.

पुढच्या एप्रिलमध्ये बातमी आली की त्यातलं एक विमान तराफ्यावर चढवून टेम्समधून समुद्रात आणि तिथून स्कॉटलंडच्या संग्रहालयात नेणार आहेत. जाणार आमच्याच चर्चखालून. त्याच आठवड्यात, आमच्या सरावाच्या संध्याकाळी, सेड्रिक गुडघा धरत धरत मनोऱ्याचा जिना चढून आला.

"मिस पिनॉक, एक विनंती होती."

"मोठ्याने बोला. सत्तावीस वर्षं विमानाखाली काढली आहेत मी."

"मंगळवारी... ते जातंय. नदीतून."

"कोण?"

"तुम्हाला माहितीये कोण."

"नाव घ्या की. लाजताय काय नव्या नवरीसारखे?"

रोनीने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं. सेड्रिकने खिशातून कार्यक्रमपत्रिका काढली. "आमचं मंडळ काठावर निरोपाचा कार्यक्रम करतंय. भाषणं, एक मिनिट शांतता, मग स्पीकरवरून उड्डाणाचा आवाज. त्याआधी घंटा वाजाव्यात अशी सभासदांची इच्छा आहे. लोलकाला कातडं बांधून, दबक्या. राजा गेल्यावर वाजवतात तशा. अर्धा तास."

"राजाला अर्ध्या तासात निरोप देतात का, टॅपली? अर्ध्या तासात भाजीवाल्याला देतात."

सेड्रिकचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कोणीतरी त्याच्या विमानाला राजा म्हटलं होतं. "मग किती वेळ?"

"ते आमच्यावर सोडा. तुमची ती तक्रार तेवढ्या दिवसापुरती मागे घ्या. कौन्सिलला तसं कळवा."

"आजच कळवतो," तो म्हणाला आणि तिचा हात हातात घेऊन दाबला. हेस्टरने दाबू दिला. तो गुडघा धरत जिना उतरला.

"हेस्टर, तुला ताप आलाय का?" रोनीने विचारलं.

हेस्टरने हात रुमालाला पुसला. "रोनी, मंगळवारी दुकान बंद ठेव. आणि सगळ्यांनी ऐका. सकाळपासून कोणीही चहा प्यायचा नाही."

चहा नाही म्हणजे काय ते दोर ओढणाऱ्यांना सांगावं लागत नाही. तीन तास जागचं हलता येणार नव्हतं.

मंगळवारी काठावर दोनएकशे माणसं जमली. घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, कॅमेरे, अंड्याची सँडविचेस. विमान चालवलेला एक निवृत्त कॅप्टन प्रमुख पाहुणा. सेड्रिकच्या छातीवर इतके बिल्ले होते की चालताना तो किणकिणत होता. आम्ही वर गेलो. हेस्टरने दाराला आतून कडी घातली. लोलकांना बांधायचं कातडं ती घरी विसरली होती. हेस्टर काहीही विसरत नाही.

"बघा," तिने सुरुवातीची नेहमीची आरोळी दिली आणि आम्ही दोर धरले. "चालली!"

उघड्या घंटा, एप्रिलची हवा आणि आठ माणसांचा जुना राग. पहिला अर्धा तास खाली सगळे माना डोलवत होते, असं मला नंतर कळलं. दुसऱ्या अर्ध्या तासात कॅप्टन भाषणाला उभा राहिला. त्याचे ओठ हलले, हातवारे झाले, लोकांनी अंदाजाने टाळ्या वाजवल्या. मग सेड्रिकने एक मिनिट शांतता जाहीर केली. हात वर करून जाहीर करावी लागली. त्या मिनिटाइतकं गोंगाटाचं मिनिट ऑझिअर एंडने पाहिलेलं नाही. शेवटी त्याने स्पीकरवर आपली लाडकी टेप लावली, आवाज शेवटपर्यंत वाढवला, आणि आवाजाच्या दुप्पट वेगाने उडणारं ते विमान आमच्या घंटांखाली डासासारखं गुणगुणलं.

तेव्हा, दोन तास उलटून गेल्यावर, सेड्रिक जिना चढून आला.

खाली घंटांनी कानठळ्या बसतात, पण दोर ओढायच्या खोलीत माणसाचा आवाज बऱ्यापैकी ऐकू येतो. दारावर काठी आपटली. "मिस पिनॉक! अर्धा तास केव्हाच होऊन गेला!"

हेस्टर म्हणाली, "बॉब!" आणि आम्ही वाट बदलली.

"कॅप्टनसाहेब एवढ्या लांबून आलेत हो!"

"बॉब!"

"बाई, माणुसकी आहे की नाही?"

याला उत्तर देता आलं असतं, पण पीलमध्ये बोलायचं नसतं. नियम म्हणजे नियम. हेस्टर नियमाला फार पक्की. तिच्या चेहऱ्यावर मी इतकं निखळ सुख तिच्या बहिणीच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं.

सेड्रिकच्या कार्यक्रमपत्रिकेत विमानाची वेळ तीनची होती. नदीने ती पत्रिका वाचली नव्हती. ओहोटी लागली, पुलांखाली जागा झाली आणि तराफा लवकर निघाला. हे काठावरच्यांना दिसलं, त्यांनी "सेड्रिक! सेड्रिक!" म्हणून हाका मारल्या, पण घंटांपुढे माणसाच्या हाका कसल्या ऐकू येतात! ही गोष्ट सेड्रिक पूर्वीपासून कौन्सिलला सांगत आलाच होता. आमच्या जिन्याला खिडकी नाही. तो अंधारात दारावर काठी आपटत होता. खिडकी होती ती आमच्या खोलीला, एकच, बरोबर हेस्टरच्या समोर.

मी तिच्याकडेच बघत होतो. तिची नजर नदीकडे गेली. ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं. मग ते तिथेच थिजलं.

मी मान थोडी वळवली. तराफा येत होता, चालत्या माणसाच्या गतीने. त्यावर ते विमान. पंख कापलेले, शेपूट उतरवलेली, अंगावर पट्टे आवळलेले. फक्त ती लांब चोच पुढे, दवाखान्यात नेताना स्ट्रेचरवरून म्हाताऱ्याने बाहेर बघावं तशी. आवाज अजिबात नाही. पुढे एक छोटी बोट त्याला ओढत होती.

हेस्टरचे हात दोरावर बरोबर चालले होते. इतक्या वर्षांचे हात, ते चुकत नाहीत. पण डोळे तराफ्याबरोबर सरकत होते. मी बॉबची वाट बघत होतो. एक फेरी गेली, दुसरी गेली. रोनीने भुवया वर केल्या. कुठे काय बोलायचं याचा हिशेब एकट्या हेस्टरच्या डोक्यात होता. ती पुढे रेटून नेती तरी आम्ही सातजण दोर ओढत राहिलो असतो आणि शपथेवर पील झाली म्हणून सांगितलं असतं.

"थांबा," हेस्टर म्हणाली.

आठ घंटा थांबल्या. तीन तास पुरे व्हायला फार थोडा वेळ उरला होता.

त्या शांततेत दारापलीकडून आवाज आला, "...आणि मी बिशपकडे जाईन! " मग सेड्रिकच्या लक्षात आलं. "थांबवलं! थांबवलं की नाही शेवटी!"

हेस्टरने कडी काढली. घामाने तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"तुमचं विमान गेलं, टॅपली," ती म्हणाली. "तुम्ही दार वाजवत होतात तेव्हा."

सेड्रिकच्या चेहऱ्याचं वर्णन मी करणार नाही. मी साधा माणूस आहे, आणि मला ते बघून फार बरं वाटलं. तो उतरला. त्या गुडघ्याने जितकं धावता येतं तितका धावला. काठावर पोहोचला तेव्हा पाण्यावर लाटांच्या दोन रेघा होत्या आणि माणसं खुर्च्यांच्या घड्या घालत होती. कोणीतरी त्याच्या हातात सँडविच दिलं.

आम्ही पबमध्ये बसलो. चहाचा उपास बिअरने सोडला.

"चला, सूड तर उगवला," रोनी म्हणाला.

"कोणावर?" हेस्टर उसळली. "टॅपली जिन्यात अडकला तो त्याच्या हट्टामुळे. मला त्याला हरवायचं होतं, त्या विमानाला. समोरासमोर! मी इथे, ते तिथे, होऊ दे काय व्हायचं ते. आणि आणलं कसं? पंख काढून, बांधून! कोणी विचारलं तरी का मला? अशा अवस्थेत कोणी पुढ्यात आलं तर माणूस बघत राहणार नाही?"

"म्हणजे चौथ्यांदा त्यानेच पील मारली," मी म्हणालो.

"आणि या खेपेला तोंडातून शब्द न काढता." तिने ग्लास खाली ठेवला. "हे मी विसरणार नाही, विल्फ."

सेड्रिकही विसरला नाही. त्याने तक्रार पुन्हा गुदरली आणि कौन्सिलने विचारपूर्वक घंटांना पाव तासावर आणलं.

पण विमानच गेल्यावर स्नेही कशाला राहतात? हिवाळ्यापर्यंत मंडळात सेड्रिक धरून पाच माणसं उरली. सभासद होण्याची अट एकच होती, विमानाशी दीर्घ आणि निकटचा संबंध. हेस्टरने अर्जात लिहिलं, 'सत्तावीस वर्षं रोज ऐकलं. पडलेलं प्लास्टर दाखवू शकेन.' आम्ही आठही जण सभासद झालो. वार्षिक सभेत अध्यक्षपदासाठी मतं मोजली, आठ विरुद्ध पाच. सेड्रिकने पुन्हा मोजायला लावली. आकडा तसाच राहिला.

"पहिला ठराव," नव्या अध्यक्ष म्हणाल्या. "आपल्या लाडक्या विमानाच्या स्मरणार्थ दरवर्षी एप्रिलमध्ये घंटांची मानवंदना. तीन तास. शेजाऱ्यांपैकी कोणाची तक्रार असल्यास ती आदराने मागे घेतली जावी. कोणी विरोधात?"

सगळे सेड्रिककडे बघू लागले. त्याचे चौघे स्नेहीसुद्धा. कॉनकॉर्डच्या मानवंदनेविरुद्ध हात वर करायचा म्हणजे जन्मभराच्या बिल्ल्यांना काडी लावायची.

"तीन तास जरा..." तो म्हणाला.

"जास्त वाटतात तुम्हाला? त्याच्यासाठी?"

"नाही, नाही. जास्त कुठे."

"मग अनुमोदन कोण देतंय? माजी अध्यक्षांनी दिलं तर शोभेल."

सेड्रिकने अनुमोदन दिलं. आवाज इतका बारीक होता की हेस्टरने दोनदा म्हणायला लावलं.

त्या एप्रिलला सकाळपासून पाऊस लागला होता. मंडळाच्या नियमाप्रमाणे मानवंदना चालू असेपर्यंत माजी अध्यक्षांनी मनोऱ्याखाली टोपी काढून उभं राहायचं असतं. हा नियम नव्या अध्यक्षांनी आदल्याच आठवड्यात केला होता.

वर आल्यावर हेस्टरने आपला कोट काढला, समोरच्या खिडकीवर नीट पसरून टांगला, चारी बाजूंनी फट राहिली नाही ना ते बघितलं आणि दोर हातात घेतला.

"बघितलं की दया येते," ती म्हणाली. "आणि मला आज बॉब चुकवायचा नाहीये. बघा. चालली!"

तीन तास आणि वर काही मिनिटं. एकही चुकला नाही.