पाहुणा बोलला एक, मी ओरडलो दुसरंच

मित्रांनो, जाळी चेपलेला आणि आवाज बसलेला मी एक जुना माइक आहे. कोल्हापुरात सिकंदरभाईंचं मंडप आणि स्पीकर भाड्यानं देण्याचं दुकान आहे. तिथल्या एका खोक्यात मी पडून असतो. कारखाना काही आठवत नाही. भाईंनी मला नवाकोरा आणला आणि फुंकर मारून ‘हॅलो, हॅलो’ म्हटलं, तेवढं आठवतं. तेव्हापासून बोलतोच आहे. आता दमलो.

लग्नं, कुस्त्यांची मैदानं, निवडणुका, सगळं केलं. “भाई, आवाज खणखणीत हाय की!” असं लोक म्हणायचे तेव्हा बरं वाटायचं. सगळ्यात जड काम परक्या पाहुण्याच्या भाषणाचं. पाहुणा इंग्रजीत बोलणार, लगेच आमचे नेहमीचे दुभाषी धैर्यशील सर ते मराठीत सांगणार, आणि दोन्ही माझ्याच तोंडून. सर मनानं चांगले. पण आमच्याकडे पाहुण्याच्या भाषणाला टाळ्या पडल्याच पाहिजेत, नाहीतर गावाची शोभा होते. म्हणून सर गोड करून सांगत. एकदा एक पाहुणा म्हणाला, जशी जनता, तसे तिला राज्यकर्ते मिळतात. सरांनी सांगितलं, “यथा राजा तथा प्रजा!” दोष आपल्यावरून उठून राजाच्या डोक्यावर बसला. लोक खूश झाले. तेव्हा मलाही गंमत वाटली.

गेल्या उन्हाळ्यात गगनबावड्याकडच्या एका वाडीत सभा होती. मुलं कमी म्हणून तिथली शाळा बंद व्हायची होती. दुसऱ्या राज्यातून बदलून आलेले शिक्षण खात्याचे साहेब इंग्रजीत म्हणाले, पंधरा दिवसांत लेखी हरकत द्या, मग विचार करू. सर म्हणाले, “साहेब तुमच्या पाठीशी आहेत. शाळेला धक्का लागणार नाही!” टाळ्यांचा कडकडाट झाला. खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटलं, पण माइकला स्वतःचं बोलता येतं कुठे?

हरकत कुणीच दिली नाही. जूनमध्ये शाळेला कुलूप लागलं.

त्या वाडीतल्या पुढच्या सभेत बायडाबाई नावाच्या म्हातारीनं मला सरांसमोर धरलं. “सर, सायेब त्या दिवशी काय बोललं, त्येवढंच सांगा.”

सरांनी मान खाली घालून खरं ते सांगितलं.

“मग त्येच सांगायचं हुतं की! कागद द्यायला आख्खी वाडी चालत गेली असती.”

बायडाबाईंनी मला सरांच्या हातात ठेवलं आणि त्या खाली जाऊन बसल्या.

दुसरी शाळा ओढ्यापलीकडे आहे. बायडाबाईंची नात पूर्णिमा सात वर्षांची. ओढा चढला की ती घरीच बसते, आणि तिकडचा ओढा पावसाळाभर चढलेलाच असतो.

मित्रांनो, माझी जाळी पुसली नाहीत तरी चालेल. पण दुसऱ्याचा शब्द तुमच्या तोंडून जाणार असेल, तर तो होता तसाच पोचवा, कडू असला तरी. कडू ऐकलं असतं तर वाडी उठली असती. गोड ऐकलं, आणि ती निवांत घरी गेली.