मणकेमहाराजांचे पांढरे बूट

मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. तहसीलचे कारकून, बँकेतले कॅशियर, पुनर्वसनाच्या याद्या करकरून वाकलेले टायपिस्ट, झाडून सगळे कमरेवर हात ठेवून उभे. भूकंपाला तीन वर्षं झाली होती, तरी लातुरात कुणाचं काही दुखलं की बोट किल्लारीकडं जायचं. दाढ ठणकली तरी भूकंपच! मणकेमहाराजांनी हे बरोबर हेरलं होतं.

"त्या पहाटे धरणी हलली, तसा तुमचा मणका हलला!" महाराज माइकवर गरजले. "म्हणून तुमचा एक पाय दोन बोटं आखडलाय. डाक्टरला दिसणार न्हाई. मला दिसायलंय!"

कोचिंग क्लासात फिजिक्स शिकवणारी धम्मप्रिया मागं चडफडत उभी होती. ती आली होती शिवकांतासाठी. शिवकांता त्याच क्लासची नोट्सवाली. अक्षर मोत्यासारखं, म्हणून प्रती छापायच्या सायक्लोस्टाइलच्या स्टेन्सिलवर सगळ्या विषयांच्या नोट्स तिनंच कोरायच्या. जमिनीवर मांडी घालून, बुटक्या डेस्कावर वाकून, दिवसाचे बारा तास. तिची कंबर धरली, तेव्हा डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं: टेबल-खुर्ची घ्या, तासातासाला उठून चाला, महिनाभर हे वाकणं बंद. क्लासचे मालक वीरण्णा सर म्हणाले, "ऐन परीक्षेत महिनाभर? त्यापेक्षा महाराजांना दाखवू." आणि सभा भरवली ती त्यांनीच. केवढी ती माया!

शिवकांताला खुर्चीवर बसवलं. महाराजांनी तिला 'सिद्ध केलेले' पांढरे कॅनव्हासचे बूट चढवले आणि तिचे दोन्ही पाय हातांवर उचलून धरले. सभा गहिवरली. एवढा मोठा माणूस, अन् दुसऱ्याच्या पायातल्या बुटाला हात लावतो! पाहतात तो काय, उजवा पाय डाव्यापेक्षा खरंच आखूड. मग मंत्र झाला, फुंकर झाली, आणि दोन्ही पाय सारखे! टाळ्या थांबेनात.

"लई हलकं वाटायलंय ताई," शिवकांता म्हणाली, आणि सोमवारी पुन्हा डेस्कावर वाकली.

पुढच्या रविवारी महाराजांची पुन्हा सभा होती. शिवकांता भिंत धरत धरत मंगल कार्यालयात आली. डावा पाय बधिर, मांड्यांच्या आतली बाजू बधिर, आणि पहाटेपासून लघवीच झालेली नाही. हे तिनं लाजत लाजत धम्मप्रियाच्या कानात सांगितलं.

"अगं बाई, मग इथं कशाला आलीस? दवाखान्यात चल!"

"महाराज म्हणले, बधिर होणं म्हणजे शक्ती उतरायलीय. एक डाव पाय सारखे करून घेते, मग येते. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय ताई मी!"

त्या डोळ्यांपुढं वाद घालण्यात अर्थ नव्हता. महाराजांनी शिवकांताला बूट चढवून पाय उचलले, तशी धम्मप्रिया तरातरा मंचावर चढली आणि तिनं डाव्या बुटाच्या मागच्या बाजूला दोन बोटं घातली. ती सरळ आत गेली.

"हे बघा! बूट मोठ्या मापाचे हायत. डावा बूट टाचेपासून दोन बोटं पुढं ओढलाय, म्हणून डावा पाय लांब दिसायलाय अन् उजवा आखूड. मंत्र उजव्याला, तुमचं ध्यान उजव्यावर, अन् महाराज तळव्यानं डावा बूट मागं ढकलतात. झाले पाय सारखे!" तिनं दोन्ही बूट उपसून फेकले. उघडे पाय जोडून धरले. केसभर फरक नव्हता.

"पापीण! नास्तिक!" महाराज ओरडले.

"बाई, श्रद्धेत खोडा घालू नका," पहिल्या रांगेतून वीरण्णा सर म्हणाले.

शिवकांता मात्र आपल्या पायांकडं बघतच राहिली. "मग माझा पाय आखडलाच नव्हता?"

"न्हाई गं. मणक्यातली चकती सरकलीय, तिच्यानं नसा दबल्यात. ऊठ आता!"

संध्याकाळी ऑपरेशन झालं. "मांड्या बधिर कधीपासून?" त्याआधी डॉक्टरांनी विचारलं होतं. शिवकांतानं गुरुवारपासून म्हणताच ते धम्मप्रियावर चिडले, "मग गुरुवारीच का आणलं नाही?" शिवकांताचं डावं पाऊल आजही फरफटतं आणि लघवीला नळी लागते. डेस्कावर वीरण्णा सरांनी दुसरी मुलगी बसवली. महाराज नांदेडला गेले. तिथंही हॉल भरला म्हणे.

नांदेडचं ऐकून धम्मप्रियाचं डोकं भणाणून गेलं. त्या सोमवारी तासाला तिनं फिजिक्सचं पुस्तक मिटलं.

"ऐका. कंबरदुखी बहुतेकांची नीट बसल्यानं, उठून चालल्यानं बरी होते. पण पाय बधिर झाला, मांड्यांमधलं कळेनासं झालं, लघवी अडली, तर त्याच तासाला दवाखाना. लाजू नका. अन् कुणी चमत्कार दाखवला तर जवळ जाऊन बघा, हात लावून बघा, विचारा. विचारल्यानं कुणाचा देव बाटत न्हाई."

वर्गात दोनशे मुलं. पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला.

"मॅडम, हे पेपरात येतंय का?"

"न्हाई येत," धम्मप्रिया म्हणाली. "तरी लिहून घ्या."