ताप लपवून माझ्यावर बसलेला मुकादम

मित्रांनो, माणसानं खोटं बोलावं, पण माझ्या मांडीवर बसून? पुलाच्या कामावरच्या मुकादमानं तेच केलं, आणि वर मिशीला पीळही दिला!

मी एक जुनी खुर्ची आहे. रक्तपेढीतली, पाठ मागं कलणारी, रुंद हातांची. लोहारानं माझा सांगाडा मन लावून जोडला. शाळेची पायरी मी कधी चढले नाही, पण किती जणांना मांडीवर घेतलं! सुई दिसताच डोळे मिटणारे पैलवान मी पाहिलेत. "या खुर्चीत बसलं की काही कळतच नाही," असं लोक म्हणायचे. मग बटणावर हलणाऱ्या नव्या खुर्च्या आल्या, नव्या सुनांसारख्या मिरवत. मला कोपरा मिळाला. माझं रेक्झिन फाटलं तर वर चिकटपट्टी लावून मोकळे! गर्दी झाली की मात्र म्हातारीची आठवण होते.

त्या दिवशी गर्दीच होती. मुकादम कामगारांची सगळी टोळी घेऊन रक्त द्यायला आला होता. पलीकडच्या खोलीत एक लहान मुलगी रक्ताची वाट पाहत होती. तिच्या अंगात रक्त टिकत नाही, पुन्हापुन्हा द्यावं लागतं. तिच्या रक्तगटाची पिशवी शिल्लक नव्हती. तिची मावशी दारातून सारखी वाकून बघत होती.

घाईत डॉक्टरीणबाईंनी काय करावं? एकेकाला पडद्याआड नेऊन विचारायचं सोडून साऱ्या रांगेला एकदमच विचारलं, "थंडीताप, मलेरिया कुणाला झाला होता का? हात वर करा!"

आता मला सांगा, मुकादमासमोर कोण हात वर करणार? टोळी मुकादमाकडे बघत राहिली, आणि मुकादम छताकडे.

"आपल्या टोळीत कुणी आजारी पडत नाही, मॅडम! माझंच आधी घ्या."

त्याचा गट नेमका मुलीचाच निघाला. मावशीनं त्याला हात जोडले. पिशवी भरली. तेवढ्यात मुकादमाची बायको धापा टाकत आत आली.

"अहो, मलेरियाची गोळी न घेताच निघालात! परवाही चुकवलीत. हुडहुडी भरली की मग पांघरुणं मागता!"

"हळू बोल की जरा!"

"हळू कशाला? ताप काय चोरून आणलाय?"

टोळीतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरीणबाईंचा चेहरा मात्र उतरला. "काका, ताप नसला तरी मलेरियाचे जंतू रक्तात राहू शकतात. ते या पिशवीतून त्या पोरीच्या अंगात गेले असते."

"मग तपासा ना!"

"तपासणारच. पण थोडे असले तर सूक्ष्मदर्शकाखालच्या काचेवर दिसतही नाहीत. पिशवी बाद."

मावशी रांगेतल्या एकेकाला रक्तगट विचारत सुटली. मग कुठं डॉक्टरीणबाईंना पडदा आठवला! एकेकाला आत नेल्यावर तोंडं उघडली. बहुतेकजण कामावरच्या पाण्याच्या उघड्या टाकीशेजारी, मच्छरदाणीशिवाय झोपत होते. काहींना ताप येऊन गेला होता. शेवटी घरून ये-जा करणारी, कधी ताप न आलेली वेल्डरबाई मुलीच्या गटाची निघाली. तिच्या रक्ताच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत ते लेकरू पांढरंफटक पडून राहिलं. रक्त चढलं तेव्हा कुठं त्यानं पाणी मागितलं.

मित्रांनो, ताप आला होता हे सांगायला लाज कसली? आणि विचारणाऱ्यांनो, असलं चारचौघांत विचारतात का?

मुकादम मात्र पुन्हा माझ्याच मांडीवर येऊन फुरफुरत होता, "माझं चांगलं रक्त फेकलं!"

मग माझा तोल सुटला. मी मोठ्यानं म्हणाले, "चांगलं? लेकराच्या अंगात दुखणं घालायला निघाला होतास, आणि राग आम्हाला दाखवतोस? घरी जा, गोळ्या पुऱ्या कर, त्या टाकीवर झाकण घाल, पोरांना मच्छरदाण्या दे. डॉक्टरीणबाई ये म्हणेपर्यंत माझ्या मांडीवर तुला जागा नाही. ऊठ!"