क्वालिसची पाठराखीण

अंबुबाई क्वालिसची ओटी भरत होती, आणि महादेव गाडीच्या पलीकडं उभा राहून उगीच टायर दाबून बघत होता. आईच्या तोंडाकडं बघायची त्याची छाती होत नव्हती.

तिनं सगळं रीतसर मांडलं होतं. बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटं ओढली होती. मधल्या सीटवर, खिडकीच्या अंगाला, नवा हिरवा खण अंथरून त्यात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी ठेवली होती. ती जागा मंगलची. महादेवची थोरली बहीण मंगल बेळगुंदीहून बोरगावला नांदायला गेली ती ह्याच गाडीतून, ह्याच जागेवर बसून. मारुतीरावांनी, म्हणजे महादेवच्या वडिलांनी, गाडी घेतली तीच मुळी तिच्या लग्नाच्या साली. घरात एक लेक आली आणि एक गेली, असं अंबुबाई तेव्हा म्हणायची. मग दर पंचमीला एक लेक जाऊन दुसरीला माहेरी घेऊन यायची.

आता मंगल नव्हती. मारुतीरावही नव्हते. उरली होती ती परसातल्या पत्र्याखाली उभी असलेली ही चंदेरी, चौकोनी तोंडाची गाडी. इंजिन अजून ठणठणीत, पण खालचा सांगाडा गंजून चाळण झालेला. पासिंग होणार नाही, असं बेळगावातल्या दोन मेस्त्रींनी सांगितलं होतं, आणि असलेल्या कागदांची मुदतही संपत आली होती.

"कुणाला दिलीस म्हणालास रं?" अंबुबाईनं खणाचं टोक नीट करत विचारलं.

"निपाणीला. तंबाखूचे व्यापारी हैत. मोठं घर हाय."

"पोरंबाळं?"

"हैत की. नातवंडांना शाळंला सोडायला पायजे म्हणत्यात."

हे बोलताना महादेव पुन्हा टायरवर वाकला. कारण निपाणीत ना व्यापारी होता, ना नातवंडं. होता तो भरमू. निपाणीच्या वेशीवर त्याचं पत्र्याचं आवार होतं. जुन्या गाड्या घ्यायच्या, मोडायच्या आणि सुटे भाग विकायचे हा त्याचा धंदा. हे आईला सांगायचं महादेवनं दहादा ठरवलं होतं आणि दहादा गिळलं होतं.

अंबुबाईनं आपली पिशवी उचलली, पदर खोचला आणि ती गाडीत चढून खणाशेजारी बसली.

"आई, तू कुठं?"

"कुठं म्हंजे? पोर पयल्यांदा सासरला निघाली. पाठराखीण नको व्हय तिला?"

लेक पहिल्यांदा सासरी निघाली की माहेरची एक जाणती बाई तिच्यासंगं जाते. नव्या घरात पोरीला परकं वाटू नये म्हणून तिच्या उशाशी एखाददोन रात्री निजते आणि मग परत येते. मंगलसंगं तेव्हा तिची आत्या गेली होती. गाडीसंगं पाठराखीण जाते हे बेळगुंदीत कुणी ऐकलेलं नव्हतं. पण अंबुबाईला हसायची टाप कुणाची होती? शेजारची माधवी दारातून बघत होती. तिनंही हसू गिळून डोळ्यांना पदर लावला.

महादेवनं चावी फिरवली. गाडी पहिल्याच हाकेला उठली.

बेळगाव मागं पडलं, काकती मागं पडली. महामार्गाला लागल्यावर आता सांगू, मग सांगू, असं करत महादेव भलतंच बोलत सुटला. बोलायला विषय एकच होता, ही गाडी. त्याचे वडील, आप्पा, प्रत्येक पाहुण्याला सांगायचे तीच गोष्ट तो आईला सांगू लागला, जशी काही तिनं ती कधी ऐकलीच नव्हती.

"ही टोयोटा कंपनी हाय नव्हं, ती आधी गाड्या करतच नव्हती. माग करायची, माग. कापड इणायचे."

"आपल्या वडगावात असत्यात तसले?"

"तसलेच. जपानात एका सुताराचा पोरगा हुता. त्याची आई घरात मागावर बसायची. तिचे कष्ट बघून त्यानं नवा माग केला, असं आप्पा सांगायचे. मग त्याच्या लेकानं गाड्या काढल्या. मागाची इद्या इंग्रजांना इकून पैसा आणला म्हणं, आणि त्यावर गाडीचं धाडस केलं."

अंबुबाईचं माहेर वडगावचं. शेतकऱ्याचं घर, पण भिंतीला भिंत लागून कोष्ट्यांचे माग. त्या खटखटीतच ती लहानाची मोठी झाली होती. तिनं शेजारच्या खणावरून हात फिरवला.

"मग ही मागाच्या पोटची म्हणायची. आणि आयसाठी केलेल्या मागाच्या."

"त्या मागाची एक गंमत हुती," महादेव म्हणाला. "इणताना एक धागा जरी तुटला, तरी माग आपसूक थांबायचा. तुटल्यावर फुडं इणतच न्हवता."

टोल आला, गेला. उसाचे ट्रॅक्टर उलट्या बाजूनं धूर सोडत जात होते. महादेवच्या मनात मात्र तेच वाक्य राहिलं. तुटल्यावर फुडं इणतच न्हवता.

संकेश्वरला चहाला थांबले. शेजारी एक पांढरी इनोव्हा लागली होती. तिचा मालक, पोट सुटलेला, गळ्यात रुद्राक्ष घातलेला गृहस्थ, चहाचा कप हातात घेऊन क्वालिसभोवती फिरू लागला. देवळाला घालावी तशी त्यानं प्रदक्षिणा घातली.

"इकणार काय, अण्णा?"

"दिलीया," महादेव म्हणाला.

"अरारा! आमचीबी हुती की. रूप बघून मंडळी म्हणायची, काय ह्यो पावाचा डबा आणलाय! पर धा माणसं बसवा, वर टपावर चार पोती टाका, व्हय न्हाय काय म्हणायची न्हाय. कंपनीनं चालती गाडी बंद केली बघा. खपत हुती तवर बंद केली! ही नवी चांगली हाय, न्हाय म्हणत न्हाय. पर तिची सर न्हाय." त्यानं क्वालिसच्या दारावर थाप मारली. "मी दिली आणि अजून सपनात येत्या. कुणाला दिलासा?"

महादेवनं तोंड उघडायच्या आत आतून अंबुबाई म्हणाली, "निपाणीत. चांगल्या घरात दिलीया. नांदत्या घरातच लेक द्यावी की न्हाय?"

"व्हय व्हय, मावशी. नशीबवान हाय पोर."

महादेवनं चहा तसाच ओतून दिला.

कणगला गेलं. तवंदीचा घाट लागला. खाली उतरलं की निपाणी. घाटाच्या तोंडाशी आल्यावर अंबुबाईनं डोकं काचेला टेकवलं आणि हलक्या आवाजात ओवी धरली. जात्यावर धरायची तशी. आवाज म्हातारा झाला होता, पण ओवीची चाल तीच होती.

लाडकी माझी लेक, हिचं गोत जपानाचं
हिनं पाह्यलं हसू-आसू, माझ्या भरल्या घराचं

तवंदीच्या घाटा, उतार तुझा हळू कर
लेक थकली रं माझी, हात ठेव पाठीवर

महादेवनं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. घाटातला वारा उघड्या खिडकीतून आत आला.

"तापली काय रं?"

"न्हाय." त्यानं स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. "आई, निपाणीत व्यापारीबिपारी कोण न्हाय. मी खोटं बोललो. भरमू म्हणून हाय, गाड्या मोडतोय. ही मोडायला चाललीया."

एक एसटी हॉर्न मारत घाट उतरून गेली.

"तुझ्या आप्पानंबी असंच केलं," अंबुबाई म्हणाली.

महादेवला ते माहीत होतं. शेवटच्या पंचमीला मंगल माहेरी आली होती आणि तिचं पोट दुखायला लागलं. आप्पांनी तिला ह्याच गाडीत घालून बेळगावला दवाखान्यात नेलं. निघताना अंबुबाईनं ओटी भरली नाही. दवाखान्याला जाणाऱ्या पोरीची ओटी कशाला? बरी होऊन परत येईल, बोरगावला जाईल तेव्हा भरू. आप्पांनी रात्री फोन करून सांगितलं, बरी हाय, झोपलीया, तू निज. तेव्हा मंगल गेलेली होती. बोरगावची माणसं तिला दवाखान्यातून परस्पर घेऊन गेली. अंबुबाई तिथं पोचली तोवर सगळं आटोपलं होतं. सवाष्ण लेक गेली तर माहेरचं लुगडं आणि माहेरची ओटी लागते. मंगलला दोन्ही मिळालं नाही. आप्पांनी हे आईला त्रास होऊ नये म्हणून केलं होतं. त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी क्वालिसची मधली सीट रोज पुसली, पण त्या रात्रीबद्दल अक्षर काढलं नाही.

"परत फिरवू?" महादेवनं विचारलं. "परसात ऱ्हाऊ दे. आपल्याला कोण इचारतंय."

"परत नेऊन काय करतोस? पत्र्याखाली गंजून मरंल." तिनं नाक पुसलं. "त्या मागाचं काय सांगितलंस रं मगाशी? धागा तुटला की थांबतोय म्हणून?"

"व्हय."

"बरं हाय ते." तिनं खणाचं टोक सारखं केलं. "चल. पर मी लगीच परत येणार न्हाय. हिचं हुईस्तवर तिथं बसणार. पाठराखीण हाय मी. मंगलच्या येळंला बसू दिलं न्हाईसा. आता बसू द्या."

भरमूचं आवार म्हणजे दारांचा, बॉनेटांचा, उघड्या सांगाड्यांचा गाव. कुठं एक नुसतंच दार भिंतीला टेकून उभं, कुठं सीटांची उतरंड. भरमू ग्रीसनं माखलेले हात पुसत आला आणि गाडीतून उतरणाऱ्या म्हातारीला बघून थबकला.

"अण्णा, म्हातारीला कशाला आणलासा? मावशी, हितं बघण्यासारखं काय न्हाय वो."

"बाबा, घरात बाईमाणूस हाय काय?"

"हाय की. का?"

"हाक मार तिला. नवी पोर दारात आल्या. तुकडा ओवाळायला पायजे."

भरमूनं आत वाकून बघितलं. खण, नारळ, कुंकू. त्यानं पुसलेले हात परत पुसले. मग चुलीकडच्या खोपीकडं बघून मोठ्यानं म्हणाला, "नागू, भाकरीचा तुकडा आण गं. आणि पाण्याचा तांब्या."

नागुबाई दारात विड्या वळत बसली होती. मांडीवरचं सूप बाजूला ठेवून ती उठली. बोटांना तंबाखूचा वास, कपाळाला मोठं कुंकू. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही. तिनं गाडीच्या तोंडावरून तुकडा ओवाळला, लांब टाकला आणि पुढच्या दोन्ही चाकांवर पाणी घातलं.

"आज ऱ्हाऊ दे, मावशी," भरमू म्हणाला. "नुसती लावून ठेवतो. उद्या बघू."

"उद्या न्हाय. माझ्यासमोर."

भरमूनं बॉनेट उघडलं, महादेवला गाडी चालू करायला सांगितली आणि कान लावून ऐकत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर धंद्याच्या माणसाला न शोभणारं काहीतरी आलं.

"काय आवाज हाय बघा! एवढ्या वर्सानं! चिक्कोडीकडं एक गडी हाय, त्याची क्वालिस इंजिनासाठी अडल्या. नवी गाडी घे म्हटलं तर घेत न्हाय. हे त्यात बसंल."

अंबुबाईनं मान हलवली. ती ऐकत होती, पण तिचे डोळे मधल्या सीटवर होते. महादेवनं चावी फिरवली, आणि आवाज थांबला. आवारात एकदम एवढी शांतता झाली की नागुबाईच्या खोपीमागचं कोंबडं ऐकू आलं.

साखळी आली. कप्पी टांगली गेली. अंबुबाई खोपीच्या दारात नागुबाईशेजारी पोत्यावर बसली. ओटी तिनं काढली नाही. "दिलेली ओटी परत घेत न्हाईत," एवढंच म्हणाली, आणि भरमूनंही हात लावला नाही. तो खणाला वळसा घालून काम करत राहिला.

महादेव आईजवळ येऊन उकिडवा बसला. नटबोल्ट सुटल्याचे आवाज येत होते. मग बऱ्याच वेळानं साखळी ताणली गेली, आणि ते काळं, तेलकट, जड काळीज हळूहळू वर आलं. अंबुबाईनं पुढं वाकून ओवी धरली.

पाठराखीण मी आई, बसले गं तुझ्यापाशी

पुढची ओळ येईना. तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा तिथंच थांबली. ओठ हलत होते, शब्द नव्हता. महादेवला वाटलं आपण काहीतरी म्हणावं, पण त्याला ओव्या कुठं येत होत्या.

नागुबाई विडीला दोरा गुंडाळत होती. मान वर न करता, जशी शेजारच्या जात्यावर बसलेली बाई दुसरीची ओवी उचलते तशी, तिनं ती उचलली.

बोलून तरी जा गं, आता येशील कोन्या दिशी

अंबुबाईनं तिच्याकडं बघितलं. ह्या बाईला मंगल ठाऊक नव्हती. बोरगाव, दवाखाना, ती रात्र, काही ठाऊक नव्हतं. अंबुबाईचा हात पोत्यावरून सरकत गेला आणि नागुबाईच्या तंबाखूनं पिवळ्या झालेल्या मनगटावर थांबला.

मग ती रडली. बोरगावात रडली नव्हती, मारुतीराव गेले तेव्हाही अशी रडली नव्हती. मोठ्यानं, मंगलचं नाव घेऊन, अंगणातल्या बायकांनी धरून ठेवावं लागतं तशी. नागुबाईनं सूप खाली ठेवलं आणि तिला धरलं. भरमूनं साखळी हातात तशीच धरून ठेवली. इंजिन हवेत लोंबकळत राहिलं.

महादेवनं आईला गप्प हो म्हटलं नाही.