सूनबाईचे धागे आणि माझी काठी

घरी रंगकाम चालले होते आणि वासाने मला खोकला येई, म्हणून सूनबाई मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. छापखान्याची मुद्रिते तपासण्यात जन्म गेलेल्या माणसाचे तिथे काय काम?

"बाबा, जरा टॉर्च धरता?" काचेच्या पेटीत डोके घालून ती सुई बसवत होती.

या सुईतून पॉलिमरचे द्रावण येई. विजेच्या जबर दाबाने त्याचा केसाहून कितीतरी बारीक धागा ओढला जाई आणि समोरच्या फिरत्या ढोलावर बसे. धागे एकाच दिशेने बसले, तर त्यांच्या वाटेने मज्जातंतूच्या पेशी वाढवता येणार होत्या. पण वेग वाढवला की ढोल थरथरे, कमी केला की धाग्यांचा गुंता होई. यंत्रावरची तिची पाळी आज संपत होती. सरळ धाग्यांचा एकही नमुना निघाला नाही, तर काम बंद पडणार होते.

मी दोन्ही हातांनी टॉर्च धरला.

यंत्र बराच वेळ चालले, तरी ढोल जवळजवळ कोराच. "आजच रुसायचं होतं का मेल्याला!" म्हणत तिने वीज बंद केली आणि पेटी उघडली.

"बाबा, तुमची काठी कुठंय?"

टॉर्च धरताना ती मी पेटीतच ढोलामागे टेकवली होती. काठी धातूची, धाग्यांनी ढोल सोडून तिलाच जवळ केले होते.

"तरी म्हणत होतो, मी घरीच खोकत बसतो."

"थांबा हो. हात लावू नका."

ढोलाच्या लोखंडी स्टँडपासून काठीपर्यंत एक पुसट पांढरा पडदा ताणला गेला होता. तिने तो अलगद काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मी मनात माफीचे वाक्य जुळवले, खोडले, पुन्हा जुळवले.

"बघा."

एकाखाली एक शिरोरेखा आखाव्यात, तसे सारे धागे सरळ होते.

"दोन धातूंमधल्या फटीत ते असे ताणले जातात. वाचलं होतं मी, ढोलाच्या नादात विसरले."

"म्हणजे मी काही बिघडवलं नाही?"

"बिघडवलंत ना! ढोलाची पार अब्रू घालवलीत."

निघेपर्यंत तिने आणखी नमुने काढले. काठी पेटीतच ठेवायची ठरली.

"मग मी घरी कसा येऊ?"

तिने हात पुढे केला. इतक्या वर्षांत आम्ही कायम एका खुर्चीचे अंतर राखून बोललेलो. मी बिचकत तो धरला.

जिन्यात विचारले, "जड होतोय का गं?"

"काठीला विचारलं होतंत कधी?"