चंपाबाईचं न दिसणारं दुखणं

मंडळी, घरातली बाई "दुखतं" म्हणाली की आपण आधी काय शोधतो? जखम! ती दिसली नाही की आपला निकाल तयार : नाटक. आदिलाबादजवळच्या जैनथ गावच्या दौलतनंही तेच केलं.

त्याच्या बायकोला, चंपाबाईला, बरगडीखाली नागीण झाली होती. गावचे मांत्रिक उद्धवराव यांनी फोडांवर गेरू लावून मंत्र घातला. फोड सुकल्यावर रिवाजाप्रमाणे साऱ्या गल्लीदेखत नारळ फुटला. म्हणजे नागीण उतरली! त्यानंतरही दुखतं म्हणणं म्हणजे उद्धवरावांचा अपमानच. पण चंपाबाईला साडीचा पदर लागला तरी आग व्हायची. तो अंगापासून दूर चिमटीत धरून ती दिवसभर बसून राही.

"सोंग करून राह्यली," दौलत ओट्यावरून गरजला. "कापूस येचाची पाळी आली की हिचं दुखणं येते. उद्या माहेरी धाडतो, कायमची!"

शेजारची साक्षी आदिलाबादच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तिला हे ऐकवेना.

"काका, पुरात बैल वाचवाले तुमी पैनगंगेत उतरले, तवा पाय फाटला होता ना? कवा कळलं?"

"थडीवर आल्यावर!" दौलतची छाती फुगली. "रक्त पाह्यलं तवा."

"म्हंजे जखम होती, दुखणं नव्हतं. मंग ते सोंग होतं काय?"

दौलतनं पायावरचा जुना व्रण चाचपला.

"कातडीची खबर आधी पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत जाते, काका. तिथं न्यूरोपेप्टाइड नावाची बारीक रसायनं काम करतात. सबस्टन्स पी दुखण्याची खबर वाढवते, एन्केफेलिन तिले दाबते. पुरात तुमच्या मेंदूनं खाली हुकूम धाडला, अन् दुखणं तिथंच दबलं. काकूचं उलटं झालं. नागिणीनं नसा बिघडवल्या. फोड गेले, पण नसा खबर धाडूनच राह्यल्या. आता नुसता पदर लागला तरी मज्जारज्जू वर मेंदूले 'आग' म्हणूनच कळवते. औषध हाय त्याच्यावर. पण दवाखान्यात न्या तं खरं!"

केवढी ही किमया! करंगळीएवढ्या जाडीच्या त्या दोरीत दुखणं वाढवणारेही आहेत आणि आवरणारेही. आणि बाहेर बसून आपण निकाल देणार!

दौलत आत गेला. "चंपा, किती दुखते?" इतक्या दिवसांत त्यानं हे विचारलंच नव्हतं.

चंपाबाईला रडू फुटलं. "तुमाले खरं वाटते?"

"वाटते. माहं चुकलं. चाल, आदिलाबादले जाऊ."

ऑटोजवळ उद्धवराव आडवे आले. "दवाखान्यात काऊन? माह्यावर भरोसा नाही काय?"

चार माणसं पाहत होती. दौलतनं हात जोडले, पण मान ताठ ठेवली. "तुमाले नमस्कार हाय, उद्धवराव. पण दुखते तिले, अन् ते तिलेच मालूम!"

बंधुभगिनींनो, दुखणं बघणाऱ्याला दिसत नसतं, ते सोसणाऱ्याच्या तोंडूनच कळतं. घरात कुणी "दुखतं" म्हणालं, तर पुरावा मागू नका. आधी विश्वास ठेवा आणि मग डॉक्टरांकडे न्या!