खंडेनवमीला बंद केलेले खोके

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. मला पडदा नाही, कळफलक नाही. नुसते पत्र्याचे खोके. माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे का, याची मलाच खात्री नाही. तरी सांगतो.

नव्वदचे दशक संपत आले होते. बेंगळुरूच्या राजाजीनगरात मुकुंदरावांचे छोटे ऑफिस होते. परदेशातले डॉक्टर आपले अहवाल बोलून ठेवत, इथल्या मुली ते टाइप करत आणि इंटरनेटवरून परत पाठवत. उशीर झाला की काम दुसऱ्या कुणाकडे जाई. म्हणून मुकुंदरावांनी इंटरनेटच्या दोन लाइन घेतल्या, एक वेगवान आणि एक हळू. बाहेर जाणारे सारे काम माझ्यातून जाई. वेगवान लाइनीला मी जास्त देई, हळू लाइनीला थोडे. एक बंद पडली की सगळा भार दुसरीवर.

ही वाटणी मला ऑफिसातली यंत्रे सांभाळणाऱ्या विनोदकुमारने शिकवली. अडगळीतून त्यानेच मला उचलून आणले होते. "अण्णा, हा आपला ट्रॅफिक पोलीस," तो मुकुंदरावांना म्हणाला. "फक्त चिरीमिरी घेत नाही." मुली हसल्या. मला फार बरे वाटले होते.

मुकुंदरावांच्या थोरल्या बहिणीला, भागीरथीबाईंना, सगळे अक्का म्हणत. खंडेनवमीला यंत्रांनी विश्रांती घ्यायची, हा त्यांचा नेम. मी तर कामाला लागल्यापासून एकदाही बंद झालो नव्हतो. विनोदकुमार जरा कुरकुरला.

"वर्षभर राबतंय ते. एक दिवस स्वल्प निजू दे की रे," अक्का म्हणाल्या.

"सरी, अक्का," असा कन्नडमध्ये होकार देत त्याने बटण दाबले. अक्कांनी मला हळदकुंकू लावले, झेंडूची माळ घातली, दारात कोहळा फोडला. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी मला चालू केले, तर मला वाटणी आठवेना. विनोदकुमारने ती माझ्या तात्पुरत्या स्मृतीत ठेवली होती. वीज गेली की ती स्मृती पुसली जाते. डिस्कवर नोंदवायचे त्याच्याकडून राहून गेले होते. सगळे काम हळू लाइनीवर तुंबले. दुपारी परदेशातून फोन आला आणि मुकुंदरावांचा चेहरा उतरला.

विनोदकुमारने मला पडदा आणि कळफलक जोडून पाहिले. त्याला कळले. त्याचा हात कळफलकावर थांबला. आता हा सांगेल, असे मला वाटले.

"काय झालं रे?" मुकुंदरावांनी विचारले.

"कुंकू आत गेलंय, अण्णा. त्यात मशीनही जुनं. याच्यावर विसंबायलाच नको होतं."

अक्का प्रसादाचे ताट घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवले आणि पदराने माझ्यावरचे कुंकू पुसू लागल्या. विनोदकुमार पडद्याकडेच पाहत राहिला.

माझ्या जागी नवे यंत्र आले. त्यात मात्र त्याने आधी डिस्कवर नोंद केली. तो तरुण होता, घाबरला असेल, असे मी स्वतःला समजावतो. कदाचित माझीच समज अपुरी असेल. पण ज्याने अडगळीतून काढले, त्यानेच पुन्हा जिन्याखालच्या अडगळीत टाकावे, हे अजून मनातून जात नाही. पुढच्या खंडेनवमीला अक्का ऑफिसात आल्या नाहीत.

मित्रांनो, यंत्रे पुसून, झाकून ठेवा, हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. आपली चूक आमच्या अंगावर टाकू नका. आम्हाला बोलता येत नाही, म्हणून तुमचे निभावते. पण शेजारी एखादे माणूस उभे असते, आणि ते तुमचे बोलणे खरे मानते.